आमची वाटचाल : कार्यालयीन टेलिफोनची सफाई आणि दुरुस्ती

जुने कार्यालयीन टेलिफोन दुरुस्त करण्याचा आमचा व्यवसाय सुरुवातीला माझ्या भागीदाराच्या कानावर चालला. रिसीव्हर तळव्यावर आपटून आतल्या माइकमधले कार्बनचे कण घट्ट बसले आहेत की माइकच गेला आहे, हे तो उघडण्याआधी सांगत असे. डायल परत फिरतानाच्या आवाजावरून सेकंदाला 10 पल्सचा (विजेच्या ठोक्यांचा) वेग गव्हर्नर, म्हणजे डायलची गती आवरणारा भाग, सांभाळतो की नाही, हेही त्याला कळे. पुढे बटणांचे फोन आले, काम वाढले. त्या सुखाच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

लिहायचे ते त्या स्पर्धकाबद्दल, ज्याने निम्म्या दरात आमची गिऱ्हाइके एकेक करून नेली. त्याची सफाई म्हणजे कवचावरून थिनरचा बोळा! कवचाचे एबीएस प्लास्टिक थिनरने घटकाभर चकाकते, मग पृष्ठभाग चिकट होतो आणि बारीक तडे जातात. बटणांखालच्या काळ्या रबरी टिकल्या तो सँडपेपरने घासत असे. वीज वाहून नेणारा थरच खरवडल्यावर बटण लागणार कसे? तरीही गिऱ्हाईक स्वस्ताईला भुलले आणि आमच्यावर दुकान मोडण्याची वेळ आली.

एका कार्यालयाच्या भांडारप्रमुख बाई मात्र बधल्या नाहीत. त्या स्पर्धकाने ‘भंगारात काढा’ असे सांगितलेला फोन त्यांनी आमच्याकडे पाठवला. त्यावरची 1, 4, 7 आणि तारा (*) ही बटणे बंद होती. अख्खी उभी रांग बंद असेल तर दोष बहुधा बटणांत नसतो, त्या रांगेच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेत, असतो. पाणी झिरपून हिरवा पडलेला ट्रॅक आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुतला आणि तुटलेल्या जागी केसाएवढी तार सोल्डर केली. त्यानंतर बाईंनी सगळेच फोन आमच्याकडे धाडले आणि दुकान तगले.

घरी प्रयोग करणाऱ्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो : भिंतीकडून येणारी लाइन कॉर्ड काढल्याशिवाय फोन उघडू नका, कारण घंटी वाजताना त्या तारांवर 75 व्होल्टच्या वर एसी दाब येऊ शकतो. आवाज तुटत असेल तर आधी रिसीव्हरची दुसरी स्प्रिंग कॉर्ड (वेटोळ्यांची वायर) लावून पाहा. हुक स्विचच्या (रिसीव्हर ठेवल्यावर दबणाऱ्या स्विचच्या) पात्यांना कानस लावू नका. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मधून ओढली की पुरते.

तो स्पर्धक आता आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवर चालणारे फोन, विकतो. त्याने पुसलेले चिकट कवचांचे फोन अजूनही आमच्याकडे येतात. ती कवचे बदलावीच लागतात, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो.