पत्ता बदलायला दोन दिवस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, कारण जवळपास प्रत्येक नवा ग्राहक हेच विचारतो: वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेताना ए रेकॉर्डमधला, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणाऱ्या नोंदीतला, जुना आयपी पत्ता खोडून नवा लिहायला दोन मिनिटे लागतात, मग तुम्ही दोन दिवस का मागता?

लिहायला दोन मिनिटेच लागतात, हे मान्य आहे. मात्र नवा पत्ता जगभर पसरायला वेळ लागतो, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. पसरत काहीच नाही. ज्या रिझॉल्व्हरने, म्हणजे वापरणाऱ्यांना नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरने, जुना पत्ता आधीच विचारून ठेवला आहे, तो सोबत मिळालेल्या टीटीएलची, म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचे त्या आकड्याची, मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारायला येत नाही, इतकेच.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची वेबसाइट मी नव्या सर्व्हरवर नेली. प्रवेशअर्जांची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता संपणार होती. रात्री ११ वाजता मी टीटीएल ८६४०० सेकंदांवरून, म्हणजे एका दिवसावरून, ३०० वर आणला आणि त्याच वेळी पत्ताही बदलला. पाच मिनिटांत सगळे सुरळीत होईल, असा माझा हिशेब होता. पण ३०० हा आकडा त्यानंतर विचारणाऱ्यांनाच मिळाला. ज्यांच्याकडे जुनी नोंद होती, त्यांची मुदत ८६४०० प्रमाणेच चालू राहिली. मी तपासले तेही थेट डोमेनच्या नेमसर्व्हरला, म्हणजे मूळ नोंद जिथे असते त्या सर्व्हरला, विचारून, त्यामुळे मला नवाच पत्ता दिसला आणि मी जुना सर्व्हर बंद केला. सकाळपासून कार्यालयातून फोन येत होते आणि मी दुपारपर्यंत ब्राउझरची कॅशे साफ करायला सांगत राहिलो. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, मुलं माझ्यासमोर उभी आहेत. त्यांना काय सांगू?" तेव्हा कुठे मी जुना सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि त्यावर येणारी प्रत्येक विनंती नव्याकडे वळवली. मधल्या वेळात किती जणांनी नाद सोडला, ते मला कधीच कळले नाही.

तुम्ही म्हणाल, आधीच तसे वळवले असते तर दोन दिवस लागलेच नसते. खरे आहे, आणि तेव्हाचा मीही हाच युक्तिवाद केला असता. पण जुना सर्व्हर पुष्कळदा आपल्या हातात नसतो; ज्याच्याशी बिनसले म्हणून तुम्ही माझ्याकडे येता, त्याच्याच ताब्यात तो असतो.

म्हणून मी आधी फक्त टीटीएल कमी करतो, जुनी मुदत पूर्ण संपू देतो आणि मगच पत्ता बदलतो. त्यासाठी एक दिवस पुरतो. दुसरा दिवस मी भीतीपोटी मागतो, आणि तो मागणे रास्त आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.