अपुऱ्या दिवसांच्या बाळाची लस आणि नंतरचे दोन-तीन दिवस

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात दोन महिन्यांच्या लशींची वेळ आली, की आई-वडील हमखास विचारतात, "एवढ्याशा जिवाला आत्ताच कशाला? थोडे वजन तर वाढू द्या." त्यांची धास्ती मला समजते, पण बाळाची प्रकृती स्थिर असेल तर लस पुढे ढकलू नये, असे माझे ठाम मत आहे. लशीसाठी वय जन्मतारखेपासून मोजतात, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून नव्हे, आणि बाळ लहान म्हणून मात्रा निम्मी करत नाहीत. आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाला मिळतात ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. त्यामुळे २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती फारच थोडी आलेली असतात आणि डांग्या खोकल्यासारखा आजार त्याच्या जिवावर बेतू शकतो.

खरी काळजी घ्यायची ती लस दिल्यानंतर. फार लवकर जन्मलेल्या, विशेषतः श्वास थांबण्याचा त्रास आधी होऊन गेलेल्या बाळांवर पहिल्या लशीनंतर ४८ ते ७२ तास मॉनिटरची नजर हवी. या काळात काही बाळांचा श्वास २० सेकंद थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात, ऑक्सिजनची पातळी उतरते. बहुतेक वेळा तळपायाला हळूच चोळले की बाळ पुन्हा श्वास घेऊ लागते, क्वचित मास्कने श्वास द्यावा लागतो. म्हणूनच लस देण्याआधीच्या चोवीस तासांत असे किती प्रसंग घडले, याची नोंद मी आग्रहाने करून घेते, कारण ती नसेल तर नंतरचा त्रास नवा की जुनाच, हे कोणालाच सांगता येत नाही.

ताप आणि वाढलेला सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील घटक) यांचे कोडे अधिक अवघड असते. लशीनंतर दोन्ही दिसू शकतात, परंतु जंतुसंसर्गातही तीच चिन्हे असतात. बाळ मलूल झाले, दूध पचेना, रंग बदलला, तर "लशीमुळे असेल" म्हणून स्वस्थ बसणे मला अजिबात मान्य नाही. रक्ताची तपासणी व्हायलाच हवी.

पहिल्या लशीनंतर श्वास थांबला, तरी पुढची लस रद्द होत नाही. तीही रुग्णालयातच, मॉनिटर लावून दिली जाते. घरी जाताना लसपत्रावर ही नोंद ठळक करून घ्यावी.