पिशवीत गर्भ दिसल्यानंतरची सोनोग्राफी

आयव्हीएफनंतरच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीत गर्भ आणि त्याचे ठोके दिसले की जोडप्याइतकाच आनंद मलाही होतो, पण तपासणी तिथे संपवू नये, असे माझे ठाम मत आहे. एक गर्भ पिशवीत आणि दुसरा बहुधा गर्भनलिकेत, अशी हेटरोटॉपिक गर्भधारणा नैसर्गिकरीत्या सुमारे ३०,००० गर्भधारणांमागे एक इतकी दुर्मीळ मानली जाते. वंध्यत्वाच्या उपचारांनंतर मात्र हे प्रमाण हजारात एक ते शंभरात एक इथपर्यंत सांगितले जाते. एकाहून अधिक भ्रूण सोडलेले असतील आणि नलिका आधीच खराब असतील, तर हा धोका वाढतो. आपल्याकडे तर क्षयरोगामुळे नलिका खराब झालेल्या स्त्रिया वंध्यत्वाच्या उपचारांसाठी नेहमीच येतात.

केवळ नळीत गर्भ असेल तर बीटा एचसीजी, म्हणजे रक्तात मोजले जाणारे गर्भधारणेचे संप्रेरक, बहुतेक वेळा अपेक्षेप्रमाणे वाढत नाही आणि त्यावरून शंका येते. इथे मात्र पिशवीतला गर्भ नीट वाढत असल्यामुळे रक्ततपासणीचा आकडाही बिनघोर चढत राहतो. त्यातच अंडी वाढवण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनांमुळे अंडाशये सुजलेली आणि पोटात थोडे पाणी झालेले असले, की पोटदुखीचे खापर त्यांच्यावरच फुटते.

म्हणून योनिमार्गातून सोनोग्राफी करताना मी पिशवीच्या दोन्ही बाजू शांतपणे पाहते. अंडाशयाला चिकटून एखादे गोल कडे दिसले, तर ते कॉर्पस ल्युटियम (अंडे बाहेर पडल्यावर अंडाशयात तयार होणारी नेहमीची गाठ) आहे की नळीतला गर्भ, हे ठरवण्यासाठी प्रोबने हलकेच दाबून बघते. कॉर्पस ल्युटियम अंडाशयातच असल्याने त्याच्याबरोबर सरकते. नळीतला गर्भ सहसा वेगळा सरकतो आणि त्याचे कडे बहुधा अधिक पांढरे दिसते. तरीही उलगडा झाला नाही, तर थोड्याच दिवसांत पुन्हा बोलावते.

निदान वेळेत झाले तर दुर्बिणीतून ती नळी काढता येते आणि पिशवीतला गर्भ अनेकदा सुखरूप वाढतो. केवळ नळीत गर्भ असताना तो जिरवण्यासाठी वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध इथे देता येत नाही, कारण पिशवीतल्या गर्भालाही ते घातक ठरते.

एका बाजूला पोटात दुखू लागले, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी कळ आली, तर पिशवीत गर्भ दिसल्याचा रिपोर्ट हाती असला तरी लगेच रुग्णालय गाठावे आणि तिथल्या डॉक्टरांना आयव्हीएफ झाल्याचे व किती भ्रूण सोडले होते ते सर्वांत आधी सांगावे.