उद्याच्या पाण्याची कथा लोकांना वाचायला दिली : माझा अनुभव

पुरंदर तालुक्यातल्या एका काल्पनिक गावात एक विहीर आहे आणि तिचं पाणी उद्याचं असतं. म्हणजे उद्या झिरपणारं पाणी आजच वर येतं, ते अंजिराला घातलं की फळ शेजाऱ्यापेक्षा एक दिवस आधी पिकतं, आणि कोणी प्यायलं तर उद्या त्याची जो कोणी आठवण काढणार असेल त्याची उचकी आजच लागते. एवढ्या कल्पनेवर मी कथा लिहिली आणि दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी लोकांना वाचायला दिली. लिहिण्यापेक्षा हे वाचून घेणंच जास्त लांबलं, आणि कथा खरी त्यातच घडली असं मला वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी ठरवलं की कथेवर आपलं नाव टाकायचं नाही. जयंत विष्णू नारळीकर सरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून, म्हणजे नाव बघून कोणी मार्क द्यायला नकोत. मला कोणी ओळखत नाही पण घरातले आणि ऑफिसातले तर ओळखतात ना, आणि ओळखीचं माणूस तोंडावर छानच म्हणतं. म्हणून अप्पा बळवंत चौकातून झेरॉक्स काढल्या, डाव्या बाजूला भरपूर मार्जिन सोडला आणि ओळखीतल्या एका बाईची कथा आहे असं सांगून दिल्या. कशी वाटली असं कोणालाच विचारलं नाही. कुठे थांबलात, आणि दुसऱ्या कोणाला ही गोष्ट सांगायची झाली तर काय सांगाल, एवढंच विचारलं. हे दोन प्रश्न फार उपयोगाचे आहेत, कोणी लिहीत असेल तर जरूर वापरा.

हिंजवडीतला मित्र दुसऱ्याच पानावर थांबला. उद्याचं पाणी आज काढलं तर उद्या विहिरीत काय राहणार, लॉजिक बसत नाही म्हणाला. काहीतरी कारण दे, लोणारसारखी उल्का पडली होती वगैरे. सदाशिव पेठेतल्या काकूंना उचकीचा भाग इतका आवडला की त्यांनी तो फोनवर बहिणीला वाचून दाखवला, पण शेवटी हे सगळं स्वप्न होतं असं निघेल म्हणून त्या वाट बघत होत्या. उल्का आणि स्वप्न, दोन्ही मला नको होतं.

मग मैत्रिणीच्या मामांकडे गेले, सासवडच्या पुढे त्यांची अंजिराची बाग आहे आणि ते पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होते. दिवे घाट चढेपर्यंत मला धाकधूक होती की ते म्हणतील हे काय भलतंच. त्यांनी ओट्यावर बसून चष्मा लावून सगळी कथा वाचली आणि पाणी उद्याचं कसं, हे एकदाही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "विहीर कोणाच्या गटात आहे? सातबाऱ्यावर इतर हक्कात कोणाकोणाची नावं आहेत, किती आणे हिस्सा?" दुसरा त्याहून भारी. "सोमवारी पाळी माझी, पण वर येणारं पाणी मंगळवारचं. मग ते माझं का मंगळवारच्या पाळीवाल्याचं? आणि लाइट रात्रीची असली, मोटर चालू असतानाच बारा वाजले, तर पुढचं पाणी कुठल्या वाराचं?"

मी बघतच राहिले. मित्राचा जो प्रश्न होता तोच हा प्रश्न होता, फक्त मित्राला त्याचं उत्तर हवं होतं आणि मामांना त्यातलं भांडण दिसत होतं. गावातल्या अशा कथेत अद्भुत गोष्ट वाचणारा लगेच मान्य करतो, पण पाळी, हिस्सा, मोटर यात तो तुम्हाला तसूभरही सोडत नाही. त्या रात्री बाराचा प्रसंग कथेत आला, टॉर्च घेऊन दोन भाऊबंद विहिरीवर उभे आणि एकाला उचक्यावर उचक्या.

भांडण ग्रामसभेत न्यायचं होतं. तिथे अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी एक जुन्नरची मुलगी उपयोगी पडली. "ताई, तुमच्या गावात 400 मतदार आहेत, म्हणजे कोरमला, सभा चालायला कमीत कमी, 60 जण लागतील, 15 टक्के किंवा 100 यातलं जे कमी असेल ते. आणि सभा तहकूब झाली ना, तर पुढच्या सभेला कोरमच लागत नाही." बस, कथेचा शेवट मिळाला. ज्यांना ते पाणी हवंय ते पहिल्या सभेला कोणी जातच नाहीत.

नवीन प्रत परत सगळ्यांना दिली, या वेळी नावासकट. मित्रानं उल्केचा विषय काढला नाही, आपण मंगळवारवाल्याच्या बाजूनं आहोत म्हणाला. काकू अजून स्वप्नावर ठाम आहेत, राहू देत, त्यांनी मनापासून वाचलंय. मामांचा फोन आला, "अंजीर टिकत नाही म्हणून एक दिवस आधी मार्केट यार्डात गेलेल्याला भाव मिळतो हे बरोबर लिहिलंस. पण सगळ्या गावानं तेच पाणी घातलं तर आधी कोण जाणार गं?"

कथा आता अंकाकडे गेलीय. मामांचा हा प्रश्न तिच्यात मावत नव्हता, त्याची वेगळी कथा सुरू केलीय, आणि तिची पहिली झेरॉक्स सासवडला जाणार आहे.