काकांची ८० जीबीची डिस्क

दिवाळीच्या आठवडाभर आधी काकांचा फोन आला की माळ्यावरनं तो जुना कॉम्प्युटर खाली काढलाय, भंगारवाला दारात उभा आहे, तुला त्यातलं काही हवंय का. मी ऑफिसात होतो, जागेवरनंच ओरडलो, "काका, डबा देऊन टाका, पण आतली हार्डडिस्क देऊ नका!" मग पाच मिनिटं हार्डडिस्क म्हणजे नक्की कुठला भाग हे फोनवर समजावण्यात गेली, शेवटी काका म्हणाले तूच ये बाबा. भंगारवाला चहा पिऊन गेला.

तर आमचे काका रिटायर झाल्यावर, म्हणजे २००५ च्या आसपास, रोज सकाळी पोहे खाऊन कॉम्प्युटरवर बसायचे आणि जुन्या इंदूरच्या आठवणी टाइप करायचे. रामबागेतलं लहानपण, आजोबांची गिरणीतली नोकरी, अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून बघितलेल्या गिरण्यांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, असं सगळं. सरकारी नोकरीत हिंदी टाइपिंग शिकलेले, त्यामुळे बोटं अशी पळायची की बघत राहावं. मग एक दिवस कॉम्प्युटर हळू चालून राह्यला म्हणून कुणा मुलाला बोलावलं, त्यानं सी ड्राइव्ह फॉर्मॅट करून, म्हणजे रिकामा करून, विंडोज एक्सपी परत टाकली, आणि काकांच्या सगळ्या फाइली होत्या डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच हे त्या मुलानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. काका चार दिवस जेवले नाहीत नीट, असं काकू सांगते. त्यानंतर त्यांनी लिहिणंच सोडलं.

मला तेव्हा यातलं काही येत नव्हतं. आता थोडंफार येतं, म्हणून म्हटलं बघू या.

डिस्क ८० जीबीची, जुन्या रुंद पट्टीवाल्या केबलची, म्हणजे आयडीई. तिचं यूएसबी कन्व्हर्टर आता मिळणं मुश्किल, सिल्वर मॉलमध्ये तिसऱ्या दुकानात एकानं ड्रॉवरच्या तळातनं काढून दिलं, वर म्हणाला भैया ये तो म्यूज़ियम का माल है. घरी आलो, लॅपटॉपला लावलं, डिस्क फिरायला लागली आणि मधूनमधून टिक्... टिक्... असा आवाज. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला पोटात कसं होतं ते माहीत असेल. आत रीड करणारं हेड पुढे जातं, सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा वाचता येत नाही, परत येतं, परत जातं.

आणि इथे मी गाढवपणा केला. विंडोजनं विचारलं, या डिस्कमध्ये गडबड आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का, आणि माझं बोट आपोआप हो वर गेलं. दहा मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला आणि मी ते थांबवलं. ते स्कॅन म्हणजे चेकडिस्क, ते काय करतं, तर फाइल सिस्टीमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या खातेवहीचा, हिशोब जुळवतं. खातेवहीत जे जुळत नाही ते खोडून टाकतं किंवा फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाच्या फोल्डरमध्ये कोंबतं. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं कामच नाही, त्याला वही नीट दिसली की झालं. आणि हे सगळं ते त्याच आजारी डिस्कवर लिहून करतं! आपल्याला ज्या जागेवरनं जुनं काढायचंय तिथेच नवीन लिहायचं, म्हणजे झालंच की.

नशीब की फार काही झालं नव्हतं. मग लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्हवरनं विंडोजऐवजी लिनक्स चालू केलं आणि जे पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं ते केलं, आधी अख्ख्या डिस्कची कॉपी. फाइलींची कॉपी नाही, डिस्कची, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जसंच्या तसं, एका मोठ्या इमेज फाइलमध्ये. ८० जीबी म्हणजे ५१२ बाइटचे साधारण १५ कोटी ६० लाख सेक्टर होतात, त्यातला प्रत्येक.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू म्हणून फुकटचा प्रोग्राम आहे, अँटोनियो दियाझ दियाझ या माणसानं लिहिलेला. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडकली की तिथेच डोकं आपटत बसते, आणि तेवढ्यात डिस्क मरते. हा काय करतो, खराब भाग आला की त्याला हात न लावता पुढे उडी मारतो, आधी सगळं चांगलं चांगलं उचलून घेतो, आणि मग शेवटी उरलेल्या वाईट जागांकडे परत येतो, कडेकडेनं कुरतडत. कुठपर्यंत आलो हे एका छोट्या मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी परत पहिल्यापासून नाही. फक्त कमांडमध्ये कुठनं आणि कुठे हे दोन्ही उलटसुलट टाकलं तर काकांच्याच डिस्कवर भलतंच लिहिलं जायची भीती, म्हणून एंटर दाबायच्या आधी मी तीनदा वाचलं आणि बायकोलाही वाचायला लावलं. तिला त्यातलं काही कळत नाही पण तिनं अगदी गंभीरपणे वाचलं.

चांगली डिस्क असती तर यूएसबीवरनं पाऊण तासात काम झालं असतं. इथे पहिल्या रात्रीत जवळपास सगळं आलं, आणि राहिलेल्या टीचभर भागासाठी पुढचे दोन दिवस. दोन दिवस घरात टिक् टिक्. मावसभाऊ म्हणाला अरे फ्रीझरमध्ये ठेव डिस्क, मी यूट्यूबवर बघितलंय. काकू लगेच तयार, म्हणाली श्रीखंडाच्या डब्याच्या बाजूला जागा आहे. नको! बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि प्लॅटर म्हणजे आतली फिरणारी चकती आणि हेड यांच्यात केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतर असतं, तिथे पाण्याचा थेंब म्हणजे डोंगरच.

आता शेअरवेअरबद्दल, कारण खरं तर मला त्याच्यावरच लिहायचं होतं आणि मी अजून काकांच्याच माळ्यावर आहे.

आपल्या वयाच्या लोकांना आठवत असेल, डिजिट मासिकाबरोबर सीडी यायची आणि त्यात शेअरवेअरचा ढीग. आधी वापरून बघा, आवडलं तर पैसे द्या. ही कल्पना अमेरिकेत १९८२ च्या सुमाराची, जिम नॉफचा पीसी-फाइल आणि अँड्र्यू फ्लूगलमनचा पीसी-टॉक हे पहिले प्रोग्राम, आणि शेअरवेअर हा शब्द रूढ केला तो बॉब वॉलेसनं, त्याच्या पीसी-राइट या लिहायच्या प्रोग्राममुळे. डिलीट झालेली फाइल परत आणायचं कामही तेवढंच जुनं, पीटर नॉर्टनचं अनइरेज १९८२ चंच. विंडोजच्या आधीच्या त्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून तर अनडिलीट कमांड आतच यायची, आणि ती एक गंमत करायची, फाइल परत देताना विचारायची की नावाचं पहिलं अक्षर काय होतं सांगा. कारण डिलीट म्हणजे डॉस नावाच्या पहिल्या अक्षरावर एक खूण मारायचा आणि जागा मोकळी अशी नोंद करायचा, मजकूर जागच्या जागी. म्हणजे फाइल गेली असं आपल्याला वाटतं, खरं तर दारावरची पाटी गेलेली असते, बिऱ्हाड आत तसंच. नवीन भाडेकरू येईपर्यंत.

रिकव्हरीच्या, म्हणजे गेलेल्या फाइली परत काढायच्या, धंद्यात शेअरवेअर इतकं का चाललं याचं मला फार कौतुक वाटतं. गाणी वाजवायचा प्रोग्राम तीस दिवस फुकट दिला तर लोक तीस दिवस वापरतात आणि सोडून देतात. पण रिकव्हरीची गरज आयुष्यात दोनदा पडणार, मग फुकट काय द्यायचं? तर बघणं फुकट, नेणं विकत. डेमो अख्खी डिस्क स्कॅन करतो, फाइलींची झाडं दाखवतो, आणि सेव्ह दाबलं की पैसे मागतो. गेटडेटाबॅक नावाचा प्रोग्राम असाच चालतो, आर-स्टुडिओ नावाचं दुसरं तर छोट्या फाइली डेमोमध्येच काढू देतं. लोक याला ब्लॅकमेल म्हणतात. मला पटत नाही, उलट मला हा सगळ्यात सरळ व्यवहार वाटतो, इंदूरच्या सराफ्यात रात्री खायच्या दुकानांवर आधी कण तोंडात टाकून बघता आणि मग पाव किलो बांधून घेता तसं. पण, आणि हा पण मोठा आहे, तोंडात टाकून बघायला हवं. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल मिळाली असं नाही. आत मजकूर दिसतोय का, फोटो उघडतोय का, म्हणजे प्रिव्ह्यू, तो बघायचा. काही वर्षांपूर्वी एका पेनड्राइव्हसाठी मी एका प्रोग्रामला पैसे मोजले, नाव घेत नाही, त्यात १२ हजार फाइली मिळाल्या म्हणून हिरवा फुगा आला आणि प्रिव्ह्यूचं बटन विकत घेतल्यावरच चालणार होतं. घेतलं. नावं सगळी बरोबर, आत निव्वळ शून्यं. पाटी होती, बिऱ्हाड गेलेलं. तेव्हापासून जो प्रिव्ह्यू झाकून ठेवतो त्याला मी पैसे देत नाही.

तर काकांच्या इमेजवर, डिस्कवर नाही, इमेजवर, मी दोन डेमो चालवून बघितले. परत एक्सपी टाकल्यामुळे जुनी खातेवही जवळपास पुसली गेली होती. दोघांनीही एक्सपीच्याच फाइली दाखवल्या आणि काकांचं एक फोल्डर, रिकामं. एक रुपया न खर्च करता कळलं की इथे पैसे घालण्यात अर्थ नाही. हेच तर त्या डेमोचं काम.

मग फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिएचा, फुकट, ओपन सोर्स, आणि नावात फोटो असलं तरी शेकडो प्रकारच्या फाइली ओळखतो. हा खातेवही बघतच नाही. सरळ एकेक सेक्टर वाचत जातो आणि फाइलच्या सुरुवातीची खूण दिसली की म्हणतो इथे वर्डची फाइल सुरू झाली, इथे जेपेग म्हणजे फोटो. नाव गाव काही नाही, एफ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच. ४ हजारांवर फाइली निघाल्या, वर्डच्याच सहाशेच्या वर, त्यात प्रोग्रामबरोबर आलेले नमुने, चुलतबहिणीची कॉलेजची प्रोजेक्टं, बायोडेटा, आणि एक कुणाच्यातरी मुंजीची पत्रिका.

काकांची एक उघडली. नुसती इंग्रजी अक्षरं, काहीच्या काही. मी म्हटलं गेली ही, करप्ट. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. बायको मागनं बघत होती, ती म्हणाली हे नीट ओळीत आहे, परिच्छेद आहेत, कचरा असा नसतो. आणि मग मला कपाळावर हात मारावासा वाटला. कृती देव! काका कृती देव फाँटमध्ये टाइप करायचे, तेव्हा युनिकोड, म्हणजे देवनागरीला स्वतःचा कोड देणारी आजची पद्धत, कोण वापरत होतं, आणि या फाँटमध्ये मराठी अक्षर म्हणजे आतनं इंग्रजी अक्षरच, फक्त चेहरा देवनागरी. माझ्या लॅपटॉपवर फाँट नाही म्हणून चेहरा उतरलेला. "काका" म्हणजे आत डी के डी के. "रामबाग" म्हणजे जे के ई सी के एक्स. फाँट टाकला आणि पानभर मराठी उभी राहिली, रात्री पावणेदोनला. मग शोधणंही सोपं झालं, सहाशे फाइली उघडत बसण्यापेक्षा सर्चमध्ये जे के ई सी के एक्स टाकायचं, ज्यात रामबाग आहे त्या काकांच्या. ६१ निघाल्या.

गिरणीचा भाग सगळ्यात मोठा, आणि तोच नवव्या पानाच्या पुढे फुटलेला. फोटोरेक धरून चालतो की फाइल सलग पडलेली आहे, आणि काका एकेक फाइल वर्षभर दुरुस्त करायचे, अशी फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पसरते. इथे मी हात टेकले होते. पण वर्डची एक सवय कामाला आली, ते सेव्ह करताना नवीन प्रत लिहितं आणि जुनी सोडून देतं, त्यामुळे त्याच भागाच्या जुन्या प्रती डिस्कवर इकडेतिकडे पडलेल्या होत्या, सात सापडल्या. त्यातल्या दोन शेवटपर्यंत शाबूत. (आजच्या एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर, हे विसरा, तिथे डिलीट झालं की ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिस्क स्वतःच थोड्या वेळात जागा साफ करून टाकते. काकांची डिस्क जुनी होती हेच बरं.)

दोन रात्री बसून मी त्या प्रती शेजारी ठेवून भाग जोडला. शेवटच्या प्रतीत नसलेला, पण आधीच्या प्रतींमध्ये असलेला एक परिच्छेद आहे. गिरणी बंद पडल्यावर घर कसं चाललं ते सांगताना मध्येच काका लिहितात की भाऊनं रामबागेच्या घराचा हिस्सा सोडला तेव्हा मी त्याला थांबवायला हवं होतं, मी गप्प बसलो, मला तेव्हा गरज होती. भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. हिस्सा सोडला म्हणजे काय, हे आमच्या घरात मी कधी ऐकलंच नव्हतं. प्रत्येक प्रतीत ते वाक्य थोडं लहान होत गेलंय आणि शेवटच्या प्रतीत नाही.

भाऊबीजेला सगळं युनिकोडमध्ये करून, छापून, स्पायरल करून काकांना दिलं. शेवटची प्रत, त्यांनी ठेवली तशी. काका चष्मा लावून पानं उलटत होते, गिरणीच्या भागाशी थांबले, बराच वेळ.

"यातलं काही राहिलं नाही ना रे?"

"नाही काका, सगळं आलं."

त्यांनी मान हलवली आणि काकूला म्हणाले याला अजून एक करंजी दे.