५२ टनांची तूट

राष्ट्रपतींना अधिकारपत्र सादर करून राजदूत बाई कामाला लागल्या आणि पहिल्याच गठ्ठ्यात त्यांना ही फाइल मिळाली. त्यांच्या देशातल्या सरकारी कंपनीनं न्हावा शेवाला बेस ऑइल, म्हणजे वंगण बनवायचं मूळ तेल, पाठवलं होतं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीवर, ६,००० टन, किनाऱ्यावरच्या टाकीत ५,९४८. खरेदीदारानं ५२ टनांचे पैसे अडवले. परराष्ट्र मंत्रालयाला कडक पत्र लिहावं का, हे विचारायला त्या मुंबईच्या दौऱ्यात बेलापूरला आमच्या तेल-मोजणीच्या ऑफिसात आल्या.

आपल्या देशाचं आणि नागरिकांचं हित जपणं हे १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजदूताचं कामच. पण टाकीचा डिप, म्हणजे टाकीतल्या तेलाची मोजणी, काही मंत्रालय घेत नाही. सौद्यात कलम होतं: उतरवण्याच्या बंदरात माल मोजणाऱ्या सर्व्हेअरचा आकडा दोघांनाही बंधनकारक, फसवणूक किंवा उघड चूक असेल तरच अपवाद. म्हणजे उघड चूक शोधायची. या धंद्यात अर्ध्या टक्क्यापर्यंतची तूट सहसा सोडून देतात. इथे ते ३० टन होतात. बाकीच्या २२ टनांसाठी हा सगळा खटाटोप.

जहाजाचा अलेज रिपोर्ट (तेलाच्या वरची रिकामी जागा मोजून केलेला) आणि टाकीचं डिप-तिकीट शेजारी ठेवलं. आमच्या जुन्या गेजरनं, म्हणजे टाक्या मोजणाऱ्यानं, चष्मा वर सरकवला. "साहेब, दोन्हीकडं तापमान ४६.५? भर पावसात, चार किलोमीटर उघड्यावरच्या पाइपातून येऊन?"

टाकीत तेलाची पातळी बरीच उंच असेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन तापमानं घेऊन सरासरी काढायची असते. तिकिटावर एकच आकडा होता. कामाची घाई आणि वरून पाऊस, कोणीतरी जहाजाचाच आकडा उतरवला असणार. तापमान जास्त लिहिलं की १५ अंशांवर आणलेलं आकारमान कमी येतं, आणि त्यावरून काढलेलं वजनही कमी भरतं. या घनतेच्या तेलाला अंशामागे साधारण ०.०७ टक्के, म्हणजे ६,००० टनांवर चार टनांच्या वर.

पण हे नुसतं म्हणून भागत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक भरण्याआधी टर्मिनलनं घेतलेला डिप आम्ही मागवला. तिन्ही पातळ्यांची सरासरी ३९.५. समोरचा लगेच म्हणणार, रात्रीत तेल थंड झालं. तसं झालं असतं तर सात अंशांत तेल आकसून ११ मीटरची पातळी जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर उतरली असती. उतरली होती चार मिलिमीटर! म्हणजे रात्रीत जेमतेम अर्धा अंश गेला. आदल्या संध्याकाळी तेल ४० च्या आसपासच होतं. साडेसहा अंशांचे २८ टन इथेच मिळाले.

आणखी १७ टन पाइपात असावेत. चार किलोमीटरच्या दहा इंची लाइनीत सुमारे २०० किलोलिटर मावतं. सुरुवातीला लाइन भरलेली आहे असा शेरा होता, पण जहाजानं ताशी १०० किलोलिटरनं पंप सुरू केल्यावर टाकीत तेल यायला १२ मिनिटं लागली. म्हणजे २० किलोलिटरची पोकळी. हे मला पटतं, पण लवादापुढे त्याला कोणी उघड चूक म्हणणार नाही. पंपिंगआधी लाइन खरंच भरलेली आहे का याची चाचणी घेतली असती तर प्रश्नच नव्हता. त्यावर भर देऊ नका, असं बाईंना सांगितलं. २८ वजा केल्यावर तूट २४ टन, ती अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेत बसते.

मंत्रालयाला लिहायचं पत्र बारगळलं. त्याऐवजी विक्रेत्यानं दोन्ही तिकिटं जोडून सर्व्हेअरकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा आणि राजदूतांनी खरेदीदाराला चर्चेला बोलवायचं, असं ठरलं. शिवाय जहाजमालकावर दावा लावायची मुदत एका वर्षाची असते. ती वाढवल्याचं लेखी घ्यायला सांगितलं. सर्व्हेअरनं तापमान दुरुस्त करून नवं प्रमाणपत्र दिलं आणि अडवलेले पैसे सुटले. डेमरेजचा, म्हणजे जहाज खोळंबल्याच्या भरपाईचा, दावा वेगळा आहे, तो लंडनच्या वकिलांकडे आहे.