तासाला 20 डॉलर आणि राहायला जागा नाही

डॉलरचे रुपये करून पगार मोजणाऱ्या मित्रांनो, आज सिलिकॉन व्हॅलीतल्या अशा लोकांबद्दल लिहितोय ज्यांची चौकशी तिकडून कुणीच करत नाही, म्हणजे बर्गर बनवणारे, ऑफिसची साफसफाई करणारे, डेकेअरमध्ये आमची पोरं सांभाळणाऱ्या बायका.

कॅलिफोर्नियात एप्रिल 2024 पासून मोठ्या फास्टफूड चेनवाल्यांना तासाला कमीत कमी 20 डॉलर द्यावेच लागतात. भारी वाटतं ना ऐकायला? आठवड्याचे 40 तास धरले तर महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास होतात, तेही टॅक्स कापायच्या आधी, आणि इथल्या सनीवेल शहरात साधा वन बेडरूम घ्यायचा तर त्यातले अडीच-तीन हजार भाड्यातच जातात. वर बरेच घरमालक भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा म्हणतात. 2018 मध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोत चौघांच्या कुटुंबाची वर्षाला 1,17,400 डॉलर कमाई सरकारनेच कमी उत्पन्नात धरली होती!

आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सकाळी ऑम्लेट करून देणाऱ्या एक बाई आहेत, त्या पार डोंगरापलीकडच्या ट्रेसी गावाहून येतात. पहाटे चारलाच निघतात, कारण नंतर ऑल्टमाँटच्या घाटात गाड्या हलतच नाहीत, मग लवकर पोचून पार्किंगमध्ये सीट मागे पाडून, अंगावर जॅकेट घेऊन झोपतात. मुलगी शाळेला निघाली की व्हिडिओ कॉल करते, तेव्हा यांच्या एका हातात कालथा असतो. रोज हे बघून खरंच जीव तुटतो.

आणि हे काही आपोआप झालेलं नाही. नोकऱ्या धडाधड आल्या, पण घरं त्या मानाने बांधलीच नाहीत. बऱ्याच भागात वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर असा नियम होता, त्यात 1978 च्या प्रपोझिशन 13 या घरपट्टीच्या कायद्यामुळे जुन्या मालकाच्या घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढत नाही, दुसरं घर घेतलं तर टॅक्स सहसा आजच्या भावाने, मग तो कशाला विकेल? कुठे चार मजली बिल्डिंग येणार म्हटलं की ट्रॅफिक वाढेल म्हणून विरोध सुरू, आणि यात आपले देशी लोकही मागे नाहीत याचा मला फार राग येतो. आपण भाड्याच्या खोलीतून वर आलो ना रे?

आमच्या इथे स्टेशनजवळच्या परवडणाऱ्या फ्लॅट्सचा विषय पुढच्या कौन्सिल मीटिंगला आहे. तिथे बोलायला दोन मिनिटं मिळतात. मी जाणार आहे, इथल्या मराठी मंडळींनीही या.